मधली सुटी, शालेय

शाळेच्या दोन सत्रांमध्ये विद्यार्थ्यांना भोजन, विश्रांती व खेळ यांसाठी दिलेला मोकळा काळ म्हणजे मधली सुटी होय. वेळापत्रकात ती केवळ रिकामी चौकट म्हणून दाखविली जाते. तथापि पोषण, आरोग्याच्या सवयी व समवयस्कांशी वागण्याची रीत यांचे बरेचसे शिक्षण याच काळात घडते. जेवणे, हात धुणे, पाणी पिणे आणि खेळणे या क्रिया एकाच वेळी व एकाच जागी सुरू झाल्या, की गोंधळ व ढकलाढकली होऊन क्वचित अपघातही घडतात. त्यांचा क्रम आणि जागा आधी ठरविल्यास मोठ्या शिस्तबंदोबस्तावाचून सुटी शांतपणे पार पडते. भंडारा जिल्ह्यासारख्या भातपिकाच्या प्रदेशातील लहान ग्रामीण शाळांच्या परिस्थितीवरून हे नियोजन चांगले समजते.

पार्श्वभूमी : पूर्वी खेड्यातील मुले मधल्या सुटीत घरी जाऊन जेवत किंवा सोबत शिदोरी आणीत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणासाठी राष्ट्रीय पोषण साहाय्य कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभी महाराष्ट्रात किमान ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यास दरमहा ३ किग्रॅ. तांदूळ मिळे व तो घरी नेला जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिल्यानंतर भोजन शाळेच्या आवारात आले आणि मधल्या सुटीचे स्वरूपच पालटले. प्राथमिक वर्गांसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे १०० ग्रॅ. धान्य, ४५० कॅलरी व १२ ग्रॅ. प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांसाठी १५० ग्रॅ. धान्य, ७०० कॅलरी व २० ग्रॅ. प्रथिने असे प्रमाण पुढे ठरले. २०२१ पासून ही योजना ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने ओळखली जाते.

स्थानिक परिस्थिती : वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात भात हे मुख्य पीक आहे. रोवणीच्या व कापणीच्या दिवसांत आईवडील सकाळीच शेतावर जातात. अशा घरातील मूल पुरेसे न खाता शाळेत आले, तर दुपारपर्यंत त्याचे लक्ष अभ्यासात राहत नाही व ते चिडखोरही होते. सुटीतील भांडणांचे मूळ पुष्कळदा स्वभावात नसून भुकेत असते. पावसाळ्यात अंगण चिखलाने निरुपयोगी होते. गावोगावी तलाव व बोड्या असल्याने आवाराबाहेर गेलेल्या मुलांना बुडण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात ऊन कडक होताच शाळा सकाळच्या सत्रात भरविली जाते. यांखेरीज शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ अन्वये प्राथमिक वर्गांत ६० पर्यंत पट असलेल्या शाळेस दोन शिक्षकांची तरतूद आहे. त्यांच्याकडे देखरेखीबरोबर नोंदींचेही काम असल्याने सुटीची व्यवस्था अशी असावी लागते, की ती मुलांना स्वतःच चालविता येईल.

भोजनाची व्यवस्था : गोंधळाचे प्रमुख कारण म्हणजे वाट पाहणे. एका मुलास हात धुण्यास अर्धा मिनिट लागतो असे धरल्यास ६० मुलांना एका नळावर ३० मिनिटे लागतात. चार नळ असल्यास तेच काम साडेसात मिनिटांत होते. नळ नसतील तेथे पाण्याची पिंपे व तोटीची भांडी निरनिराळ्या ठिकाणी ठेवूनही हा हेतू साधतो. वर्ग एकदम न सोडता लहान वर्गांपासून पाचपाच मिनिटांच्या अंतराने सोडावेत. ताट घेऊन रांगेत उभे राहण्यापेक्षा पंगत बसवून वाढणे आपल्याकडे अधिक परिचित आहे व त्यात सांडलवंडही कमी होते. वाढणे, पाणी देणे व जागा झाडणे ही कामे विद्यार्थ्यांच्या गटांकडे पाळीपाळीने द्यावीत. गरम भांडी मात्र स्वयंपाकी व मदतनीस यांनीच हाताळावीत.

पंगतीला सामाजिक अर्थही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शालेय आठवणींत, शिपाई नसला की आपणास पाणी मिळत नसे, असे नमूद केले आहे. संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली असली, तरी कोण कोणाशेजारी बसतो व पाणी कोण वाढतो, याकडे शिक्षकाने लक्ष ठेवणे अगत्याचे आहे. बसण्याच्या जागा व कामाच्या पाळ्या ठराविक काळाने बदलल्यास जात, लिंग किंवा वस्ती यांनुसार गट पडत नाहीत.

सुरक्षितता : बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथे १६ जुलै २०१३ रोजी कीटकनाशकाने दूषित झालेले शालेय भोजन खाऊन २३ बालके मरण पावली. यास्तव धान्य व तेल यांचा साठा शेतीच्या औषधांपासून पूर्णपणे दूर ठेवणे आणि वाढण्यापूर्वी शिक्षकासह प्रौढांनी अन्न चाखून पाहणे, हे नियम काटेकोरपणे पाळले पाहिजेत. स्वयंपाकाची जागा खेळाच्या जागेपासून अलग असावी आणि आवारास कुंपण असावे.

खेळाची व्यवस्था : अमेरिकेतील काही शाळांत आधी खेळ व मग भोजन असा क्रम असतो, त्यामुळे मुले घाईने अन्न टाकून मैदानाकडे धावत नाहीत. परंतु जेथे मुले उपाशी येतात व दुपारचे ऊन कडक असते, तेथे आधी भोजन, नंतर सावलीत बैठे खेळ आणि शेवटी थोडा वेळ धावण्याचे खेळ हा क्रम श्रेयस्कर होय. अंगणाचे भाग पाडून एका भागात लंगडी व लगोरी, दुसऱ्यात दोरीच्या उड्या, तर झाडाखाली सागरगोटे अशी योजना केल्यास मोठी मुले सर्व जागा व्यापत नाहीत व मुलींनाही जागा मिळते. पावसाळ्यासाठी व्हरांड्यात सापशिडी, चौकटींचे खेळ, गोष्टींची पुस्तके इ. साहित्य ठेवावे. एकट्या राहणाऱ्या मुलास खेळात घेण्याची जबाबदारी मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांवर सोपविता येते.

मर्यादा : नियोजन म्हणजे प्रत्येक क्षणास काम लावून देणे नव्हे. गडी निवडणे, नियमांवरून वाद घालणे व तो स्वतःच मिटविणे हे मुलांना प्रौढांच्या गैरहजेरीतच शिकता येते. इंग्लंडमध्ये पीटर ब्लॅचफोर्ड व एड बेन्स यांच्या पाहण्यांनुसार १९९५ नंतर शाळांतील सुटीचा काळ घटत गेला. गैरवर्तनाची भीती हे त्याचे एक कारण होते. हा उपाय चुकीच्या दिशेचा आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या (१९८९) ३१ व्या अनुच्छेदात विश्रांती व खेळ हे बालकाचे हक्क मानले असून भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली आहे. शिक्षा म्हणून सुटी काढून घेणे त्यामुळे गैर ठरते. भोजन, पाणी व सुरक्षितता यांची व्यवस्था शाळेने चोख ठेवावी आणि उरलेला वेळ मुलांच्या स्वाधीन करावा, हेच मधल्या सुटीच्या नियोजनाचे तत्त्व होय.