लोणचं, मावशी आणि झाकणाचं बटन

रविवारची सकाळ. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी दुसऱ्या कपातली कॉफी ढवळत होते, आणि मोबाइलवर मावशीचा फोन. आमची मावशी म्हणजे श्रीगोंद्याची. सकाळी सातला फोन केला तरी 'उठलीस का?' विचारणार नाही, थेट मुद्द्यावर.

"अगं, माल परत आलाय सगळा. तीनशे साठ बाटल्या! तू इंजिनीअर ना? मग ये आणि झाकणं बघ."

मी प्रॉडक्ट डिझायनर आहे हे खरं. पण माझं काम गाडीच्या डॅशबोर्डवरची बटनं, एसीच्या जाळ्या असल्या प्लॅस्टिकच्या भानगडींचं. लोणच्याच्या झाकणाशी माझा संबंध फक्त ते न उघडण्यापुरता. तरी निघाले. कारण मावशीच्या बचत गटातल्या अकरा बायकांचे पैसे त्या बाटल्यांत अडकले होते, आणि बँकेचा हप्ता काही झाकणासाठी थांबत नाही.

बटन वर, माल परत!

नगर जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं, पण एसटी स्टँडवर अजून 'नगर, नगर'च ओरडतात. त्याच्या दक्षिण टोकाला श्रीगोंदा. संत शेख महंमदांचं गाव, आणि लिंबांचं. इथल्या कागदी लिंबाच्या बागा बघितल्या की कळतं, मावशीच्या गटाने लोणचंच का निवडलं. भाव पडला की लिंबू अक्षरशः मातीमोल. लोणचं घातलं तर निदान वर्षभर टिकतं.

ओसरीवर खोके रचलेले. मी एक बाटली उचलली. रुंद तोंडाची, काचेची, छान सोनेरी पत्र्याचं झाकण. मधोमध एक फुगीर गोल, आणि त्याभोवती छापलेलं : 'बटन वर आलेलं असल्यास घेऊ नये.'

आता बोला! तीनशे साठच्या तीनशे साठ बाटल्यांचं बटन वर होतं. पुण्यातल्या दुकानदाराने झाकणावरची सूचना वाचली आणि पाळली. त्याची काय चूक?

"पण लोणचं चांगलंय गं," मावशी म्हणाली आणि एक फोड माझ्या तोंडात कोंबली. खरंच फर्स्ट क्लास होतं. मग बटन खोटं बोलत होतं का?

टोपणाची कुंडली

बटन खोटं नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

फंडा सिम्पल आहे. जॅम किंवा सॉस साधारण ८५ अंशांच्या वर गरम असतानाच बाटलीत भरतात. वर थोडी जागा रिकामी ठेवतात, तिथे वाफ भरते आणि लगेच झाकण लावतात. बाटली निवली की वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकणाला खाली दाबते. बटन 'टक्' करून आत जातं. तुम्ही घरी जॅम उघडता तेव्हा तेच बटन 'टक्' करून वर येतं. म्हणजे बटन हा साधा साक्षीदार. आत पोकळी आहे की नाही, एवढंच तो सांगतो.

या दाबाचा हिशेब मी तिथेच, लोणच्याच्या खोक्यावर मांडला. झाकण ७० मिलिमीटरचं. क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो. आतला दाब बाहेरच्या निम्मा झाला, तरी झाकणावर १९-२० किलोंचं ओझं बसतं. तांदळाच्या मोठ्या पिशवीएवढं! झाकण ८२ मिलिमीटरचं असेल तर हाच आकडा २७ किलोंच्या आसपास. तोंड जितकं रुंद, तितकी हवा जास्त जोरात बसते. जॅमच्या बाटलीशी झटापट करताना आपण स्वतःला अशक्त समजतो, ते उगाच.

आणि मावशीचं लोणचं? ते उपासाचं. लिंबू, मीठ, साखर, तिखट. उन्हात मुरलेलं, गार भरलेलं. ना वाफ, ना पोकळी. बटन खाली जाणार कशाला? गटाला कोणीतरी 'एकदम कंपनीसारखं दिसतं' म्हणून ही झाकणं विकली होती. दिसत होती तशीच, यात वाद नाही.

बायकांच्या आधी साहेब लोकही चुकले

हॉटेलातल्या रूमवर (म्हणजे मावशीच्या माळ्यावर, पण स्टाइलमध्ये सांगायला काय जातं?) रात्री लॅपटॉप उघडून वाचत बसले. बरं वाटलं, कारण या झाकणाने भल्याभल्यांना दमवलंय.

फ्रान्सच्या निकोलस अॅपेरने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच मारून, उकळून टिकवलं आणि १८१०मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं. अन्न का टिकतं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. लुई पाश्चरचा जन्मच १८२२चा. अॅपेरचा अर्धा जीव बुचांत गेला. रुंद तोंडाला घट्ट बूच मिळणं महाकठीण.

मग १८५८मध्ये अमेरिकेत जॉन मेसनने काचेच्या गळ्यालाच आटे पाडले आणि जस्ताचं फिरकीचं झाकण बसवलं. लय भारी आयडिया, पण जस्त आंबट पदार्थाला लागायचं. १८६९मध्ये लुईस बॉइडने झाकणाच्या आत काचेची चकती बसवून ती भानगड मिटवली. सपाट पत्र्याची चकती, तिला कडेने मऊ रिंग, आणि वरून दाबायला वेगळं फिरकीचं कडं, ही जोडी अमेरिकेतल्या घराघरांत पोचायला विसावं शतक उजाडलं.

आणि आपल्याकडे? तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८चा. माणशी एक पैसा वर्गणी, त्यातून उभी राहिलेली काच! मावशीच्या गटाची आयडिया काही नवी नाही, हे दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं तर म्हणाली, "मग त्यांनी झाकणं कुठून घेतली ते विचार."

नागापूरचा धडा

मला वाटलं, आता आपणच झाकण डिझाइन करायचं. रात्रीत कॉम्प्युटरवर एक झकास मॉडेल काढलं. मध्ये छोटी झडप, वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. सॉलिड खूश होते मी स्वतःवर.

ते घेऊन नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत गेले. ओळखीतून एक डाय बनवणारे काका भेटले. हाताला तेल, कानावर पेन्सिल. त्यांनी माझा स्क्रीन बघितला, चष्मा वर केला आणि ड्रॉवरमधून एक साधं झाकण काढून माझ्या हातात दिलं.

"मॅडम, हे आधी उलटं करून बघा. सील कोण करतंय?"

मी पत्र्यावर बोट ठेवलं. काका हसले. "पत्रा फक्त दाबतो. सील करते ती रिंग."

मग तासभर फुकट क्लास झाला. पत्रा म्हणजे पोलाद, वर कथलाचा अगदी पातळ थर, जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकी. त्यावर आतून-बाहेरून लॅकर, आणि तेसुद्धा पत्रा सपाट असतानाच. नंतर प्रेसखाली गोल कापायचा, वाटीसारखा ओढायचा, कड गोल वळवायची, आत छोटे दात पाडायचे. लॅकरने या सगळ्यात ताणून घ्यायचं आणि तडकायचं नाही. शेवटी कडेच्या पन्हाळीत प्लॅस्टिसॉल नावाची पातळ पेस्ट ओतून भट्टीत भाजायची, की झाली मऊ रिंग.

बाटलीच्या गळ्यावर पूर्ण आटे नसतात, तिरके तुकडे असतात. झाकणाचे दात त्याखाली सरकतात आणि पाव फेऱ्यात झाकण बसतं. दात पुरेसा लांब नसेल तर निसटतो. रिंग पातळ असेल तर काचेच्या ओठावरचा उंचसखलपणा ती भरून काढत नाही. म्हणजे झाकण एकटं कधीच डिझाइन होत नाही. ते त्या बाटलीच्या तोंडासाठीच असतं. एकाची बाटली, दुसऱ्याचं 'साधारण तेवढंच' झाकण, हे लग्न टिकत नाही.

"आणि गंज?" मी विचारलं. परत आलेल्या काही झाकणांच्या कडेला तांबूस ठिपके होते.

काकांनी कड दाखवली. "पत्रा कापला की कापलेल्या धारेवर लॅकर कुठलं? म्हणून ती आत वळवतात. तिथे मीठ-लिंबाचा खार पोचला की संपलं." थोडक्यात, भरताना बाटलीचा ओठ न पुसणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

आणि माझी झडप? डायचा खर्च लाखांत, आणि ती वसूल व्हायला झाकणंही लाखांनी काढायला हवीत. माझ्या मावशीला हवी होती चारशे. मी लॅपटॉप मिटला.

दादऱ्याचा फंडा

परतताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. मुळात मावशीच्या आईचं लोणचं कसं टिकायचं? तिच्याकडे ना दात, ना रिंग. चिनी मातीची बरणी, वर झाकण, त्यावर सुती कापडाचा दादरा, सुतळीने करकचून बांधलेला.

घरी गेल्यावर मावशीला विचारलं, "बाटल्या भरायच्या आधी लोणचं किती दिवस मुरलं होतं?"

ती जरा गप्प झाली. "आठ. ऑर्डर आली होती ना. एरवी महिना ठेवते."

मग उलगडलं. मुरताना फोडी पाणी सोडतात, थोडाफार वायूही सुटू शकतो. दादरा धूळ-माश्या अडवतो, पण श्वास घेऊ देतो. लोणचं जिवंत असतं तोवर त्याला कापडच हवं. पत्र्याचं झाकण हे मुरून शांत झालेल्या लोणच्यासाठी. आजीच्या बरणीत आणि कंपनीच्या बाटलीत भांडण नव्हतंच, पाळी ठरलेली होती. आम्ही घाईत पहिली पाळी अर्धवट सोडली, आणि आतून दाब आलेल्या काही झाकणांच्या कडेने खार बाहेर आला.

तीनशे साठ बाटल्या आम्ही बायकांनी मिळून उघडल्या. लोणचं पुन्हा बरण्यांत, वर दादरे. झाकणं भंगारात, कारण एकदा दबलेली रिंग दुसऱ्यांदा भरवशाची नसते. तेवढं नुकसान झालंच. हप्ता मावशीने स्वतःची पाटली गहाण टाकून भरला. हे तिने मला सांगितलं नाही. नुसता हात दिसला.

महिन्याने पुन्हा भरलं. मिठाच्या लोणच्याला बिनबटनाचं झाकण, गार भराईला चालणाऱ्या रिंगचं, त्याच बाटलीच्या मापाचं. आणि बटनवाली नवी झाकणं? ती शिजवलेल्या गोड लोणच्याला. गरम बाटलीत गरम भरायचं, झाकण लावून दोन-तीन मिनिटं बाटली उलटी, मग सरळ करून निवू द्यायची.

या अख्ख्या प्रकरणात मी डिझाइन केलेली वस्तू एकच. काकांनी दिलेल्या स्टीलच्या भंगार पट्टीला एक खाच. खाच बाटलीच्या ओठावर टेकवायची. पट्टीचं टोक लोणच्याला लागलं तर जास्त भरलंय. माझ्या करिअरमधलं सगळ्यात स्वस्त प्रॉडक्ट!

गोड लोणच्याच्या पहिल्या चोवीस बाटल्या ओसरीवर निवत ठेवल्या होत्या. आम्ही चहा पीत बसलो होतो, कोणी फारसं बोलत नव्हतं. अचानक 'टक्'. मग दुसरं. मग तीन-चार एकदम. अकरा बायका मोजायला लागल्या. तेविसावर गाडी अडली.

"चोविसावी?" मी विचारलं.

"ती घरी खायची," मावशी म्हणाली. "दुकानात फक्त टक् वाजलेलं जाईल."

झाकण घेताना...

• बाटली आणि झाकण एकाच मापाचं, शक्यतो एकाच ठिकाणाहून घ्या. ६३, ७० आणि ८२ मिलिमीटर ही नेहमीची मापं.

• गरम भरणार की गार, तेलाचं की बिनतेलाचं, हे विक्रेत्याला आधी सांगा. तेलाला चालणारी रिंग वेगळी असते.

• लावण्याआधी बाटलीचा ओठ कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसा. लॅकरवर ओरखडा असलेलं झाकण बाजूला काढा.

• उघडायला पक्कड नको. झाकणाच्या कडेखाली चमचा घालून हलकेच उचला. हवा आत गेली की फिरतं.

• बटन खाली आहे म्हणजे पदार्थ सुरक्षितच, असं नाही. लिंबू भरपूर आंबट, म्हणून निभावतं. पण तेलातला लसूण किंवा उकडलेल्या भाज्या नुसत्या हवाबंद करून बाहेर ठेवू नका. आम्लता कमी असेल (पीएच ४.६च्या वर), तर बोट्युलिझमचे जंतू हवेशिवायच वाढतात. त्यांचे बीजाणू मारायला प्रेशरखाली सुमारे १२१ अंशांची उष्णता लागते. साधं उकळणं पुरत नाही.