कोंडलेली हवा आणि आपले आरोग्य

हवेच्या कॉम्प्रेसरचा आणि आरोग्याच्या सदराचा काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. पण एका वाचकाने पत्र पाठवून विचारले आहे की, मुलाने घरालगतच्या गॅरेजमध्ये दुचाकीच्या कामासाठी कॉम्प्रेसर घेतला आहे, घरात लहान मुले आहेत, तर काय काळजी घ्यावी? प्रश्न रास्त आहे. कारखान्यातील दाबाखालच्या यंत्रांसाठी १९४८ च्या कारखाना अधिनियमात स्वतंत्र कलम होते आणि तेथे टाक्यांची ठरावीक मुदतीने तपासणी करावी लागते. घरच्या गॅरेजात कोणी निरीक्षक फिरकत नाही. ते काम घरच्यांनाच करावे लागते.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो. हवेची नळी कोणाच्याही अंगावर धरायची नाही, थट्टेत तर मुळीच नाही. मित्रामित्रांत चेष्टा म्हणून पाठीमागून नळी लावली आणि चांगला धडधाकट पोरगा दगावला, अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतो. विषय संकोचाचा आहे, पण संकोचापायीच तो घरात बोलला जात नाही. स्कूटरच्या पुढच्या चाकात आपण वीसेक पौंड हवा भरतो. माणसाचे मोठे आतडे चार-पाच पौंडांच्या दाबालाही फाटू शकते, आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत शंभर-सव्वाशे पौंड दाब असतो. नळी आत घालावी लागत नाही. कपड्यांवरून, थोड्या अंतरावरून सोडलेला झोतही गुदद्वारातून आत शिरतो आणि एक-दोन सेकंदांत व्हायचे ते होऊन जाते.

असा प्रकार घडलाच, तर पोट फुगते, कडक होते, दुखू लागते, श्वास अपुरा पडतो. कधी दुखणे खांद्यात जाणवते. सुरुवातीला फारसा त्रास नसला तरी ‘बघू सकाळी’ म्हणून थांबू नये. पाणीसुद्धा देऊ नये, पोट चोळू नये, एनिमा तर चुकूनही देऊ नये. जेथे एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात तडक न्यावे आणि डॉक्टरांना खरे काय झाले ते सांगावे. गॅसेस झाले म्हणून सांगितले जाते आणि त्यात मोलाचे तास जातात. शिकाऊ मुलगा कामाला ठेवताना पहिल्याच दिवशी त्याला ही गोष्ट सांगून टाका.

दुसरी खोड जवळजवळ प्रत्येक गॅरेजात दिसते. काम संपले की नळीने अंगावरची धूळ झटकायची! माझ्याकडे डोळ्यात लोखंडाचा कण घेऊन येणाऱ्या मुलांतले कितीतरी जण असेच हवा मारत असतात. त्या झोताने उडालेला कण बुबुळात रुततो. हातावर जखम असेल तर हवा कातडीखाली शिरते. भाग सुजतो आणि दाबला की चुरचुरतो. अशी सूज दिसली तर दवाखाना गाठावा. ब्रेकच्या ड्रममधील भुकटीवरही हवा मारू नये, कारण जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस वापरलेले असे आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे बसतात. ओल्या फडक्याने पुसावे. नळी हातात घेतली की डोळ्यांवर बंद बाजूंचा चष्मा हवाच; उन्हाचा गॉगल या कामी उपयोगाचा नाही.

आता यंत्र बसवण्याविषयी. जागा सपाट, हवेशीर आणि कोरडी असावी. पायाखाली रबराचे तुकडे ठेवले की कंप आणि आवाज दोन्ही कमी होतात. भिंतीला चिकटवू नये. डोके तापते, त्याला वारा लागला पाहिजे. पेट्रोलची बाटली, थिनर यांच्या शेजारी तर नकोच, कारण दाबाच्या स्विचमध्ये ठिणगी पडते. अर्थिंग नीट असावे. पट्ट्यावरची जाळी काढून ठेवण्याची पद्धत फार वाईट. त्या फिरत्या पट्ट्यात पदर, ओढणी किंवा लहान मुलाची बोटे सापडायला क्षण पुरे होतो.

आवाजाची एक सोपी कसोटी आहे. यंत्र चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक समजावा. अशा आवाजाने गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. कापसाचे बोळे फारसे कामाचे नाहीत. कानात घालायचे फोमचे बूच औषधाच्या दुकानात मिळते, ते वापरावे. शेजारी म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असेल, तर दुपारच्या वेळी टाकी भरणे टाळावे, एवढे सौजन्य हवेच.

देखभालीत तेलाची पातळी रोज पाहणे, हवेचा फिल्टर साफ ठेवणे आणि कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे तेल बदलणे हे बहुतेक जण करतात. राहते ते टाकीतले पाणी. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, ते चांगलेच निघते. बाहेरून रंग लखलखीत, आणि आतून तळ गंजून पातळ होत जातो. अशी टाकी फुटते तेव्हा पत्रा, दगड, माती सगळेच उडते. म्हणून रोज काम संपल्यावर खालचा कॉक हळूच उघडून पाणी काढून टाकावे. आठवड्यातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते का ते पाहावे, तेव्हा तोंड बाजूला ठेवावे. व्हॉल्व्ह गळतो म्हणून तेथे बोल्ट ठोकून बंद करणारे महाभाग आहेत. त्यांच्या गॅरेजात स्वतःची गाडीसुद्धा नेऊ नये.

जुनी टाकी स्वस्तात मिळते म्हणून घेताना तळाला वेल्डिंगचे ठिगळ किंवा पोचा दिसला तर परत फिरावे. वापरातल्या टाकीतून पाणी झिरपू लागले, तर एम-सील लावून किंवा वेल्डिंग करून भागवू नये. एका जागी छिद्र पडले म्हणजे आजूबाजूचा पत्राही तितकाच झिजलेला असतो. अशी टाकी सगळी हवा सोडून भंगारात द्यावी, आणि देताना तिला समोर उभे राहून मोठे भोक पाडायला लावावे, नाहीतर ती नवा रंग लेवून दुसऱ्याच्या गॅरेजात जाते.