ख्रिस्ती उपासनेंतील अभंगवाणी

एका रविवारीं सकाळीं आम्ही घरच्या मंडळींसह साताऱ्यांतून जात होतों. वाटेवरील एका इमारतींतून पेटी, तबला व झांज यांचा आवाज आला. चाल अभंगाची होती. आमच्या आत्याबाईंनीं सहज हात जोडले. परंतु तें ख्रिस्ती लोकांचें उपासनामंदिर आहे असें कळतांच संकोचून खालीं घेतले. "देव त्यांचा, मग चाल आपली कशी?" हा त्यांचा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

ख्रिस्ती उपासनेंत गायन हा केवळ अलंकार नव्हे. सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथर यानें जर्मन लोकभाषेंत स्तोत्रें रचून सर्व मंडळीस गावयास लाविलें. तोंवर उपासनेंतील लॅटिन गायन मुख्यतः धर्मगुरु व गायकवर्ग यांजकडेच असे. आपल्या संतांनीं मराठीसाठीं काय केलें हें जाणणाऱ्या वाचकांस याचें महत्त्व सांगणें नको.

एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांबरोबर हीं स्तोत्रें इकडे आलीं, तेव्हां मात्र अडचण पडली. इंग्रजी पद्य आघातावर चालतें. मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर. इंग्रजी चालींत मराठी शब्द बसवूं गेल्यास ऱ्हस्व लांबतें, दीर्घ आखडतें, आणि पद ओठांवरच राहतें. अभंगाचें तसें नाहीं. सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण. एकानें म्हणावें, इतरांनीं उचलावें. निरक्षर मनुष्यासहि त्यांत पुस्तकावांचून सामील होतां येतें.

ही वाट प्रशस्त केली रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं. कोंकणांतील चित्पावन घराण्यांत जन्मलेल्या या कवीनें १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. त्यांनीं ख्रिस्ती अभंग व पदें रचिलीं, कीर्तनें केलीं. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनीं तेथें एकत्र यावें, हा हेतु. १९१९ सालीं ते वारले. परंतु 'उपासना संगीत' या ग्रंथांतून त्यांचीं पदें आजहि गाइलीं जातात.

या गायनाचें मोल मात्र एका घरास द्यावें लागलें. पतीच्या धर्मांतरानें लक्ष्मीबाईंस कित्येक वर्षें त्यांजपासून दूर राहावें लागलें. पुढें १९०० सालीं त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. ज्या धर्मापायीं संसाराची ताटातूट झाली, त्याच धर्माचें पतीनें अपुरें ठेविलेलें 'ख्रिस्तायन' त्यांनीं पुरें केलें. पद केवळ कानास गोड असतें, तर इतकें बळ त्यांतून मिळतें ना.

आणि चालीवर कोणाची मालकी? सांगलीजवळच्या मिरजेस मुसलमान कारागीर पंढरपुराकडच्या भोपळ्यांचे तंबोरे करितात. त्यांच्या साथीनें विठ्ठलाचें भजन होतें, तें आपणांस खटकत नाहीं.

घरीं परतल्यावर आम्ही 'स्मृतिचित्रें' वाचून दाखविलीं. आत्याबाई बराच वेळ स्तब्ध होत्या. मग म्हणाल्या, "धर्म बदलला तरी माणसाची जीभ कुठें बदलते?" त्या रविवारीं जोडलेले हात खालीं घेण्याचें कांहीं कारण नव्हतें, असें आम्हांस वाटतें.