आईचे दूध आणि बाळाचे वावडे

केवळ अंगावर पिणारे दोन-अडीच महिन्यांचे बाळ. वजन नीट वाढते आहे, हसते-खेळते आहे. पण शीमध्ये शेम आणि रक्ताचे बारीक धागे दिसू लागतात. अशा वेळी वांगणीसारख्या गावात घरातून सल्ला येतो, "तुझे दूध त्याला बाधते आहे, अंगावर पाजू नकोस. शेळीचे दूध सुरू कर." बदलापूर-अंबरनाथच्या इमारतींत शेळीच्या जागी पावडरीचा डबा येतो, एवढाच फरक. हा सल्ला विज्ञानाच्या कसोटीवर टिकतो का, ते पाहू या.

शीत रक्त येण्याची कारणे अनेक असतात. जंतुसंसर्ग, गुदद्वाराजवळची चीर ही त्यांपैकी काही. म्हणून प्रथम डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. त्यांनी इतर कारणे बाजूला सारली, की अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा विचार करायचा. अ‍ॅलर्जी हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केला. आपल्याकडे 'वावडे' हा त्याला जवळचा शब्द आहे. निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर तुटून पडते, ती अ‍ॅलर्जी. तान्ह्या बाळांत तिचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे गाईच्या दुधातील प्रथिने.

दुधात काय असते?

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पिशवीचे न उकळलेले दूध किंचित कोमट करून त्यात लिंबू पिळा. दूध फाटून साका जमेल. हे केसीन, गाईच्या दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिन यात येते. गाळून घेतलेली निवळी आता उकळा. तिच्यात पांढरे बारीक कण दिसू लागतील. ही उरलेली प्रथिने. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे त्यांतील प्रमुख. मानवी स्तनांत हे प्रथिन तयारच होत नाही. कण गाळल्यावर राहिलेल्या पाण्यात लॅक्टोज ही साखर असते.

हा फरक विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला हवा. अ‍ॅलर्जी होते ती प्रथिनाची, साखरेची नव्हे. लॅक्टोज आईच्या स्तनातच बनते. आईने दूध प्यायले वा न प्यायले, तरी त्याचे प्रमाण बदलत नाही.

मग बाळाला गाईचे प्रथिन मिळते कोठून? आईने खाल्लेल्या प्रथिनांपैकी बहुतेक पचून जातात. पण त्यांचा अत्यल्प अंश न पचता आतड्याच्या अस्तरातून रक्तात आणि तेथून दुधात उतरतो. बहुसंख्य बाळांना त्याचा काहीच त्रास होत नाही. डेन्मार्कमधील एका पाहणीत केवळ अंगावर पिणाऱ्या हजार बाळांमागे सुमारे पाच बाळांना अशी अ‍ॅलर्जी आढळली होती.

एका थेंबाचे गणित

गाईच्या एक मिलिलिटर दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन सुमारे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० लाख नॅनोग्रॅम असते. आईच्या दुधात ते आढळले, तर बहुधा काही नॅनोग्रॅमच असते. आपण ५ धरू. एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग. तेव्हा गाईच्या दुधाच्या एका थेंबात दीड लाख नॅनोग्रॅम झाले. तेवढे प्रथिन आईच्या दुधातून मिळायला ३० लिटर दूध प्यावे लागेल. बाळ दिवसाला ७५० मिलिलिटर पीत असेल, तर त्याला ४० दिवस लागतील!

अंगावरचे बंद करून वरचे दूध देण्याचा अर्थ यावरून ध्यानात येईल. नेहमीची पावडर गाईच्याच दुधाची असते. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातील प्रथिने गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की अशा बहुतेक बाळांना तीही सोसत नाहीत. शिवाय आईच्या दुधातून मिळणारी, जंतूंपासून रक्षण करणारी प्रतिपिंडे बंद होतात ती वेगळीच.

उपचार हाच प्रयोग

त्रास अगदी सौम्य असेल, तर डॉक्टर काही दिवस नुसते लक्ष ठेवतात. पुष्कळदा तो आपोआप थांबतो. न थांबल्यास आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा, चहातले दूध, दुधाची भुकटी घातलेली बिस्किटे हे सारे वर्ज्य करायचे. तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून तेही टाळलेले बरे. अंगावर पाजणे मात्र चालूच ठेवायचे. लक्षणे गेली, की आईने दूध पुन्हा सुरू करून पाहायचे. लक्षणे परत आली तरच निदान पक्के. हा दुसरा टप्पा गाळला, तर बाळ आपोआप बरे झाले की पथ्याने, हे कळणारच नाही. या प्रकारच्या अ‍ॅलर्जीत त्वचेच्या व रक्ताच्या चाचण्यांचा फारसा उपयोग होत नाही. बहुतेक बाळांचे हे वावडे वर्षभराच्या सुमारास नाहीसे होते.

दुसऱ्या प्रकारची अ‍ॅलर्जी मात्र झटपट येते. अंगावर गांधी, ओठ सुजणे, घरघर, वारंवार उलट्या, बाळ मलूल होणे, यांपैकी काही दिसल्यास वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

बाळंतिणीला आपल्याकडे आधीच पथ्ये पुष्कळ. त्यांत 'अ‍ॅलर्जी नको' म्हणून दूध, अंडी, शेंगदाणे यांची भर घालण्याची गरज नाही. पुढे अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून आईने असे पदार्थ सोडण्याचा उपयोग होतो, असे दिसलेले नाही. उलट २०१५ साली लंडनमध्ये ६४० बालकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. अ‍ॅलर्जीचा धोका अधिक असलेल्या या बालकांपैकी ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. ज्या आईला खरोखरच दूध सोडावे लागते, तिच्या कॅल्शियमची सोय करायला हवी. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तीळ आणि पालेभाज्याही उपयोगी. गरज पडल्यास डॉक्टर गोळ्या देतात.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. १९९२ साली अर्भकांच्या पर्यायी दुधाच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा झाला. त्यामुळे डब्याची जाहिरात थांबली; घरातला सल्ला कायद्याने थांबत नाही. वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या घरीही तान्ही बाळे असतात. 'दूध बाधते' असे कोणी म्हणाले, तर 'कोणत्या दुधातले काय बाधते आणि ते कसे तपासले?' एवढे विचारायला त्यांना शिकवता येईल.