केवडा, हिराकस आणि खेकड्याची नांगी

बारामती-इंदापूरच्या चुनखडीच्या रानात उसाचा खोडवा फुटला की पोंग्याजवळची पानं पिवळी पडू लागतात. एक पान उजेडात धरून बघा: शिरा हिरव्या, मधले पट्टे पिवळे, पुढेपुढे पांढरट. ‘केवडा पडलाय, युरिया टाक’ असा सल्ला लगेच मिळतो. पण नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. कोवळ्या पानांवर असे पट्टे दिसले, तर बहुतेक वेळा लोह कमी पडलेलं असतं.

म्हणजे जमिनीत लोह नाही, असंही नव्हे. काळ्या मातीत ते भरपूर आहे. पण सामू आठच्या आसपास गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. नुसता हिराकस (फेरस सल्फेट) फोकला तर त्याचीही तीच गत होते. तो दहापट कुजलेल्या शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून द्यायला सांगतात, कारण शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात.

हे धरणं म्हणजेच चिलेशन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. ‘चिलेटेड खत म्हणजे जास्त लोह’ ही समजूत चुकीची आहे. हिराकसात लोह सुमारे 19 टक्के, तर ईडीटीए-लोह या चिलेटात 12 टक्के. आपण पैसे मोजतो ते पकडीचे. ईडीटीएचा एकच रेणू दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन अणूंनी लोहाला सहा बाजूंनी आवळतो. प्रत्येक अणू आपली इलेक्ट्रॉनची जोडी पुढे करतो आणि लोह ती सामावून घेतं. मधला धातू आणि भोवती सहा जागा, ही अष्टफलकी रचना आल्फ्रेड वेर्नर यांनी 1893 मध्ये मांडली. 1913 चं नोबेल त्यांना मिळालं.

हरितद्रव्याच्या मध्यभागीही लोह असतं, असं अनेकांना वाटतं. तिथे चार नायट्रोजननी धरलेलं मॅग्नेशियम असतं. लोह लागतं ते हरितद्रव्य तयार होताना.

सगळ्यात महागात पडतो तो ‘कुठलंही चिलेट चालतं’ हा समज. चुनखडीच्या मातीत ईडीटीएची नांगी लोह सोडून कॅल्शियमला धरते. फवारणीला ते ठीक. ड्रिपमधून मुळाशी द्यायचं तर ईडीडीएचए हे चिलेट घ्या. सामू नऊपर्यंत त्याची पकड सुटत नाही. ईडीटीए-लोह पिवळसर, ईडीडीएचए गडद लालसर असतं. तरी रंगावर जाऊ नका. आधी माती तपासा, सामू आणि चुनखडीचं प्रमाण बघा, मग पुडीवरचं नाव वाचूनच पैसे द्या.