जुनी भिंगं, भाग ४ : नाव नंतर वाचा, आधी दिवे मोजा

मागच्या आठवड्यात भात्याबद्दल बोललो. आता भात्याच्या पुढच्या फळीवर बसणारं पितळी भिंग. मुंबईच्या चोर बाजारात असं एखादं हाती आलं की पहिली नजर जाते ती कोरलेल्या नावाकडे, आणि विक्रेताही किंमत त्या नावाचीच सांगतो. माझं मत विचाराल तर नावावर सगळ्यांत शेवटी विश्वास ठेवावा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कारखान्यांतून भिंगं घाऊक भावानं बाहेर जात आणि परदेशचे दुकानदार त्यांवर आपलं नाव कोरून घेत. शिवाय एवढ्या वर्षांत पुढचं घर एका नळीचं आणि मागचं दुसरीचं, अशीही जुळवाजुळव झालेली असते. कोरीव नाव नळीपुरतं खरं मानावं. आतल्या काचेची साक्ष वेगळी काढावी.

त्यासाठी अंधारी खोली आणि मोबाइलचा टॉर्च पुरे. भिंगाचं पुढचं आणि मागचं घर आटे फिरवून नळीतून वेगळं करा. एकेक घर हातात धरून टॉर्चचा उजेड जरा तिरका टाका आणि काचेत दिव्याची किती प्रतिबिंबं दिसतात ते मोजा. हवा आणि काच जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. त्याचं प्रतिबिंब ठसठशीत दिसतं. दोन काचा कॅनडा बालसमनं चिकटवलेल्या असतील तर त्या सांध्यावरून फारच थोडा प्रकाश परततो, कारण बालसमचा अपवर्तनांक काचेच्या अगदी जवळचा असतो. तिथलं प्रतिबिंब फिकं, कधी कधी शोधूनच काढावं लागणारं. म्हणजे ठसठशीत दिवे हवेचे, फिके दिवे चिकटवलेल्या सांध्यांचे. घर किंचित हलवलं की काही प्रतिबिंबं हाताबरोबर सरकतात, काही उलटी. त्यामुळे एकावर एक आलेली सुटी होतात आणि मोजणी चुकत नाही.

आता हा हिशेब लावून पाहू. दोन्ही घरांत प्रत्येकी दोन ठसठशीत आणि एक फिका दिवा दिसला, तर ते रॅपिड रेक्टिलिनिअर जातीचं भिंग. १८६६ मध्ये लंडनला डालमायर यांनी आणि जर्मनीत श्टाइनहाइल यांनी जवळजवळ एकाच वेळी ही रचना काढली (श्टाइनहाइल तिला अ‍ॅप्लॅनॅट म्हणत). पुढची कितीतरी वर्षं जगभर हीच रचना सर्रास वापरात होती, त्यामुळे बाजारात सगळ्यांत जास्त भेटणार तीच. प्रत्येक घरात दोन ठसठशीत आणि दोन फिके असतील, तर थोडं सावध व्हा: तो बहुधा डागोर असेल. एमिल फॉन ह्योग यांनी १८९२ मध्ये गोर्त्झ कंपनीसाठी केलेल्या या रचनेत तीन-तीन काचा चिकटवून दोन घरं बनतात. सुरुवातीच्या डागोरवर ‘डागोर’ हे नाव सापडणारच नाही. ते १९०४ मध्ये आलं, त्याआधी नुसतं ‘डॉपेल-अ‍ॅनास्टिग्मॅट’ कोरलेलं असे. अशी भिंगं अजूनही रॅपिड रेक्टिलिनिअरच्या भावात सुटतात. ज्याला दिवे मोजता येतात त्याचा फायदा.

खरी गंमत पेट्झवाल आणि टेसारची. जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये व्हिएन्नात फोइग्टलेंडरसाठी काढलेलं व्यक्तिचित्रांचं भिंग आणि १९०२ मध्ये येना इथे त्साइसच्या पाउल रुडॉल्फ यांनी काढलेलं टेसार, या दोहोंतही एकूण मोजणी सारखीच: सहा ठसठशीत, एक फिका. पण वाटणी उलटी. पेट्झवालच्या पुढच्या घरात चिकटवलेली जोडी असते, म्हणजे दोन ठसठशीत आणि एक फिका. मागे दोन सुट्या काचा, म्हणून चार ठसठशीत. टेसारमध्ये सुट्या काचा पुढे आणि जोडी मागे. शरीरयष्टीही वेगळी: पेट्झवाल लांब नळीचं, मोठ्या काचेचं आणि वजनदार, तर टेसार आखूड आणि बैठं.

पेट्झवालच्या मागच्या घरातल्या दोन सुट्या काचा ही मोठी डोकेदुखी आहे. पुसायला काढलेल्या काचा लोकांनी उलट्या बसवलेल्या असतात. मग भिंग ‘सॉफ्ट’ चित्र देतं आणि कुणीतरी त्यालाच कलात्मक गुण समजतो. त्यात डालमायर यांनी १८६६ च्या आपल्या पेटंट पोर्ट्रेट भिंगात या दोन काचांचा क्रमच बदलला होता. तेव्हा दुरुस्तीला बसण्याआधी भिंग कुणाचं आहे हे ठरवा. अंतर्गोल काच सगळ्यांत मागे असणं डालमायरमध्ये बरोबर, इतरांत बहुधा चूक.

बिननावाचं पेट्झवाल पद्धतीचं भिंग मिळालं तर ते कॅमेऱ्याचंच असेल असं धरून चालू नका. मॅजिक लँटर्नमध्ये हीच रचना वापरत. नळीच्या वर आडवी खाच आहे का ते बघा. छिद्र लहान करायच्या सुट्या पितळी पट्ट्या, म्हणजे वॉटरहाउस स्टॉप, १८५८ मध्ये आले आणि त्या घालायला ही खाच लागते. लँटर्नला छिद्र लहान करायची गरजच नव्हती. मात्र जुन्या भिंगांना नंतर खाच पाडून घेतलेली असते, त्यामुळे खाच दिसली म्हणजे १८५८ नंतरचंच, असं ठरत नाही. खाच आणि आयरिस दोन्ही असतील आणि सगळ्यांत मोठं छिद्र एफ/९ किंवा त्याहून लहान असेल, तर ते बहुतेक ब्लॉक करणाऱ्या छापखान्यातलं प्रोसेस भिंग. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके ज्या धंद्यात होते, त्यातली ही अवजारं. मंद म्हणून लोक त्यांना नाक मुरडतात. मला विचाराल तर डोंगर-किल्ल्यांच्या फोटोला याहून स्वस्त आणि चोख भिंग मिळणार नाही.

छिद्राच्या आकड्यांतही एक सापळा आहे. कडीवर ४, ८, १६, ३२, ६४, १२८ असे दुपटीनं वाढणारे आकडे दिसले तर ते एफ-क्रमांक नाहीत. ती १८८१ मधली ब्रिटिश ‘युनिफॉर्म सिस्टिम’. तिच्यातला ४ म्हणजे आजचा एफ/८, आणि ८ म्हणजे एफ/११. दोन्ही पद्धती फक्त १६ वर जुळतात. ‘एफ/४ आहे’ म्हणून चढ्या भावानं विकलेलं भिंग कितीदा तरी साधं एफ/८ चं रॅपिड रेक्टिलिनिअर निघतं.

दिव्यांचा रंगही पाहावा. प्रतिबिंबं पांढरी असतील तर काचेवर लेप नाही, म्हणजे भिंग बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीचं. जांभळी किंवा पिवळसर असतील तर लेपाचं. कोडॅकच्या एक्टारवर तारखेचा शोध आणखी सोपा: क्रमांकाच्या आधीची दोन अक्षरं ‘कॅमेरॉसिटी’च्या इंग्रजी स्पेलिंगवरून वाचायची. सी म्हणजे १, ए २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६, एस ७, आय ८, टी ९, वाय ०. ‘ईओ’ असेल तर १९४६.

राहिलं नाभीय अंतर, जे जुन्या पितळी भिंगांवर पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. नुसतं ‘होल प्लेट’ किंवा ‘हाफ प्लेट’ एवढंच असतं. भिंग कॅमेऱ्यावर चढवा, दूरची इमारत ग्राउंड ग्लासवर स्पष्ट करा आणि तळफळीवर ग्राउंड ग्लासच्या जागी खूण करा. मग समोर एक पट्टी उभी करून तिचं प्रतिबिंब पट्टीएवढंच येईल इतका भाता मागे ओढा, पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर हेच नाभीय अंतर. होल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच, आणि तिचा कर्ण पावणेअकरा इंचांच्या आसपास. तुमचं उत्तर त्याच्या जवळपास आलं तर ठीक. निम्मंच आलं, तर भिंग त्या प्लेटचं नव्हेच, कुणी विकताना वाढवून सांगितलंय. पुढच्या आठवड्यात ही भिंगं शटरमध्ये कशी बसवायची ते पाहू.