काही दिवसांचा सुती मोजा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला मार्लबरो साउंड्स नावाचं खाड्यांचं जाळं आहे. तिथल्या हॅवलॉक गावातून पहाटे बोटी सुटतात त्या शेतावर जायला. शेत म्हणून पाण्यावर दिसतात फक्त काळ्या बोयांच्या रांगा. पीक सगळं खाली, दोरांवर लगडलेलं: हिरव्या कडांचे शिंपले. गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांचेच हे भाईबंद, पेर्ना या एकाच प्रजातीतले.

शंभरेक मीटर लांबीच्या आडव्या दोरांना बोये बांधतात आणि त्याखाली एकच अखंड दोर झोके घेत खोलवर सोडतात. एका रांगेखाली असा तीन-चार किलोमीटर दोर मावतो!

बियाणं बहुतांश येतं पार उत्तरेहून, नाइन्टी माइल बीचवरून. (नाव नव्वद मैलांचं, किनारा ८८ किलोमीटरचा.) लाटांनी तिथं फेकलेल्या समुद्रशेवाळावर शिंपल्यांची कणाएवढी पिल्लं चिकटलेली असतात, हे १९७४ साली ध्यानात आलं. किलोभर शेवाळात ती लाखोंनी असतात.

आता डेकवरच्या खलाशाचं काम बघा. सरकत्या दोराभोवती तो हे शेवाळ बसवत जातो आणि वरून सुती जाळीचा लांबच लांब मोजा चढतो. दोर पाण्यात उतरतो. काही दिवसांत सूत कुजून जातं, शेवाळही सडून गळतं. आणि पिल्लं? ती तोवर दोराला स्वतःच बिलगलेली असतात. माणसाने फक्त काही दिवसांपुरतं धरून ठेवायचं. पुढची दीड-दोन वर्षं शिंपला स्वतःला धरून ठेवतो. या साऱ्या धंद्यात मला याहून अद्भुत काही वाटत नाही.

हे तो करतो कसं? शिंपल्याला जिभेसारखा एक पाय असतो, त्याच्या खालून एक खाच गेलेली. पाय दोरावर टेकवून तो त्या खाचेत पातळ प्रथिनं सोडतो. काही मिनिटांत त्यांचा चिवट धागा तयार होतो, टोकाला चिकट टिकली असलेला. आपला कुठलाही साधा गोंद ओल्या जागी हरतो. हा खाऱ्या पाण्यातच आवळतो. ओल्या जखमा चिकटवणारा गोंद करण्यासाठी शास्त्रज्ञ याच प्रथिनांचा अभ्यास करतात.

पण हीच पिल्लं मनात आलं तर धागा सोडून वाहूनही जातात. पेरलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक अशी हातची जातात, आणि शेतकऱ्याची खरी झोप उडते ती इथं.

उरलेली वाढतात. त्यांना खाणं घालावं लागत नाही. पाणी गाळून त्यातलं वनस्पतिप्लवक ती स्वतः टिपतात. वजन वाढलं की बोये बुडू लागतात. बोया किती खाली गेला यावरून खलाशी पिकाचा अंदाज घेतो आणि वाकून, गार पाण्यात हात घालून, नवा बोया बांधतो. मोठा पाऊस झाला की काढणी थांबते, कारण नद्यांमधून आलेली घाणही शिंपले तितक्याच इमानाने गाळत असतात.

गोव्याच्या बाजारातून कधी शिणाणे आणलेत तर कडेला दाढीसारखा एक झुपका दिसेल. आपण तो उपटून टाकतो. टाकण्याआधी त्यातला एक धागा बोटांनी ताणून बघा.